पिवळा कुत्रा कुणाचा?

मंडळी, ऐका! बसून घ्या. मागच्या आयांनो, पुढे सरका, पुढे जागा आहे. पुढे बसलं की देव लवकर दिसतो असं काही नाही, पण मी नीट ऐकू येतो!

आज नमन थोडक्यात आटोपलं, कारण मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय. सोपा आहे. संस्कृत नाही, घाबरू नका.

रस्त्यात घाण पडलीय. ती घाण कुणाची?

केली त्याची? दिसली त्याची? की सापडला त्याची?

हसू नका! शास्त्रीबुवांना विचाराल तर म्हणतील, केली त्याची. नगरपरिषदेला विचाराल तर म्हणेल, सापडला त्याची. आणि आपण? आपण नाकाला रुमाल लावतो, धोतराचा सोगा वर धरतो, आणि विचारतो — आपली नाही ना? नाही ना? चला मग!

ते तिसऱ्या रांगेतले काका — हो हो, तुम्हीच, निळ्या मफलरवाले! चहाचा कागदी कप सतरंजीखाली सरकवलात. पाहिलं मी. असू दे, असू दे! कप कुठे जात नाही आणि मीही कुठे जात नाही. आधी आख्यान होऊ द्या.

तर एक गाव होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं उद्या माझ्या दारात! आपण म्हणू, चोखटनगर. चोखटनगरात खंडोबाचं देऊळ. देवळाला दगडी पायऱ्या. पायऱ्यांच्या तळाशी बेल, भंडारा, नारळ विकायला बसायची गयाबाई शेलार. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी लांब दिलेली. एक टोपली, एक फळकूट, वर ताडपत्री — एवढा संसार. आणि एक कुत्रा.

कुत्रा कसा आला, ऐका! एका यात्रेच्या गर्दीत हळदीची पिशवी फाटली, भंडारा टोपलीखाली सांडला. गयाबाई तो सावरायला वाकली तर आत एक पिल्लू! डोळे मिटलेले आणि अंगभर पिवळं. ती म्हणाली, "ह्याला मी न्हाई आणलं. देवानं रंगवूनच धाडलंय." नाव ठेवलं हळद्या. पुढे कुत्रा मोठा झाला, पण झोपायची जागा तीच, भंडाऱ्याच्या पोत्याला पाठ लावून. त्यामुळे बारा महिने पाठ पिवळी! अख्ख्या गावात पिवळा कुत्रा एकच.

हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे!

आता गयाबाईचा एक नेम होता. देवळाची घंटा व्हायच्या आधी ती राखेची डबी आणि खापराचा तुकडा घेऊन निघायची. हळद्यानं जिथं काही केलं असेल तिथं राख टाकायची, खापरानं उचलायचं, लांब उकिरड्यावर नेऊन पुरायचं. कुणी सांगितलं नव्हतं! ठराव नव्हता, फलक नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझ्या पोराचं उचललं, तसं ह्याचं."

पण मंडळी, त्याच पायऱ्यांवर रोज सकाळी आणखी एक प्रसाद पडायचा! मोठा! शाही! तो कुणाचा?

नगराध्यक्ष प्रतापराव हिरेकर — गाव त्यांना अण्णासाहेब म्हणतं — त्यांच्या घरी विलायती कुत्रा होता. नाव टायसन. टायसन डब्यातलं खायचा, गादीवर झोपायचा, मोटारीतून फिरायचा. बंगल्याला केवढी हिरवळ! पण हिरवळीवर टायसननं जायचं नाही, अशी वहिनीसाहेबांची ताकीद. मग गडी त्याला सकाळी फिरवायला आणायचा. कुठे? देवळाच्या पायऱ्यांवर! टायसनची पायरीसुद्धा ठरलेली. गडी आकाशाकडे बघत उभा राहायचा, टायसन मोकळा व्हायचा, आणि दोघं घरी!

दिसायचं का लोकांना? सगळ्यांना दिसायचं! समोर पोपटशेट किराणावाले दुकान उघडायचे. रोज बघायचे. बघायचे आणि उदबत्ती जरा जास्त लावायचे!

आणि मग आलं स्वच्छतेचं बक्षीस. राज्यभर स्पर्धा, गावोगाव समिती फिरणार. अण्णासाहेबांनी सभा बोलावली, टेबलावर मूठ आपटली. "चोखटनगर पहिलं आलं पाहिजे!" ठराव झाला — कचरा टाकील त्याला दंड. ज्याचं कुत्रं घाण करील त्या मालकानं ती तिथल्या तिथे उचलायची, नाहीतर दंड. आणि दंड थकला तर परवाना रद्द! खाली सही, प्रतापराव हिरेकर.

मी म्हणतो, ठराव वाईट होता का? मुळीच नाही! उत्तम ठराव! त्या ठरावाला मीही हात वर केला असता. नियम वाईट नसतो हो. नियम कुणाच्या दारात जाऊन थांबतो आणि कुणाच्या दारावरून मान खाली घालून पुढे जातो, ते बघायचं असतं!

पथक तयार झालं. नावच असं — उपद्रव शोध पथक! खाकी टोप्या, शिट्ट्या, पावतीपुस्तकं. प्रमुख स्वच्छता निरीक्षक बारटक्के. आता बारटक्के वाईट माणूस नव्हता बरं का. सोयीचा माणूस होता. वाईट माणसं जगात थोडी असतात, सोयीची माणसं... जाऊ दे. आरशात बघायला सांगितलं की लोक कीर्तनाला यायचे बंद होतात!

पहिल्याच सकाळी बारटक्के पायऱ्यांपाशी आले. पायरीवर शाही प्रसाद. शिट्टी वाजली!

"कुणाचं कुत्रं? कुणाचं हे?"

पोपटशेट तराजू पुसायला लागले. हारवाला हार ओवायला लागला. पुजारी आत गेला, त्याला एकदम देव आठवला! बारटक्क्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. टोपलीशेजारी पिवळी पाठ दिसली.

"बाई, हे कुत्रं तुमचं?"

"माझंच हाय."

"मग भरा दंड."

"साहेब, कुत्रं माझं हाय. पायरीवरचं त्याचं न्हाई. त्याचं मी उचलून पुरून बी आले."

"पुरावा काय?"

"पुरला म्हणते न्हवं! आता पुरावा दाखवायला उकरून आणू?"

अख्खी आळी हसली. बारटक्के मात्र हसले नाहीत. पावती फाडून फळकुटावर ठेवली. गयाबाईनं तिच्यावर नारळ ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. भरली मात्र नाही!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पायरीवर टायसनचं, पावती गयाबाईची! शेवटी ती पोपटशेटकडे गेली.

"शेट, तुम्ही रोज बघताय. साहेबाला एक शब्द सांगा."

पोपटशेटनं इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "गयाबाई, तुझं खरं आहे गं. पण गाळा नगरपरिषदेचा. करार यंदा संपतोय. माझ्या तोंडाला कुलूप आहे बघ."

"कुलपाला वास येत न्हाई का हो शेट?"

वा! तबलजी, द्या एक ठेका! ... बास, बास. पुढे ऐका.

चंपाषष्ठी जवळ आली. मंडळी, खंडोबाच्या देवळाखाली भंडारा विकणाऱ्याची चंपाषष्ठी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सुगी काय म्हणून विचारण्यासारखं आहे. त्या एका दिवसावर तिचं पुढचं वर्ष चालायचं. नेमकी त्याच दिवशी समिती येणार असं कळलं. आदल्या दुपारी बारटक्के आले. हातात नोटीस — दंड थकला, उद्यापासून परवाना रद्द, जागा खाली करा. पण या खेपेला शिट्टी नाही. फळकुटावर टेकले. मऊ आवाजात बोलले, आणि मऊ आवाजाला फार जपावं हो!

"मावशी, मलाही तुमचं दुकान उठवायची हौस नाही. एक मार्ग आहे. एवढंच म्हणा, हे कुत्रं माझं नाही. बेवारस आहे. मग दंड कशाचा? पावत्या रद्द, नोटीस रद्द. तुम्ही सुटलात."

"आन् त्यो?"

"त्याला गाडी घेऊन जाईल. लांब सोडतील कुठेतरी. कुत्र्याचं काय हो, कुठेही जगतं."

गयाबाईनं खाली पाहिलं. हळद्या पोत्याला पाठ लावून झोपलेला, तोंड तिच्या पायावर. शब्द किती मोठा होता मंडळी? "माझा नाही." झालं! एवढं म्हटलं की दुकान राहतं, चंपाषष्ठी राहते, सरकारदरबारी नाव चोख. आपण दिवसातून कितीदा म्हणतो! नळ वाहतोय, माझा नाही. दिवा फुटलाय, माझा नाही. म्हातारा रस्त्यात पडलाय... आपण लगेच सुटतो! आपल्यासारखे सुटलेले जीव त्रिभुवनात नाहीत!

गयाबाई म्हणाली, "साहेब, त्यो माझा हाय."

"दुकान जाईल मावशी."

"जाऊ द्या. दुकान राहावं म्हणून पोटचं परकं करायची रीत आमच्यात न्हाई. माझ्या कुत्र्याचं मी जल्मभर उचलीन. दुसऱ्याच्या कुत्र्याचं उचलणार न्हाई, आन् त्याचा दंड तर मेले तरी भरणार न्हाई. ल्याहा तुमच्या कागदात!"

बारटक्के उठले. जाताजाता कुत्रे पकडणाऱ्या गाडीच्या माणसांना सांगून गेले. ठेकेदाराची माणसं, परगावची, त्यांना गावातलं काही ठाऊक नाही. "उद्या समिती यायच्या आत पायऱ्यांवरचा पिवळा कुत्रा उचला. ओळख सोपी आहे. गावात पिवळा एकच."

एकच! आदल्या दिवशी अगदी बरोबर होतं हो! पण दुसऱ्या दिवशी काय होतं?

बोला ना! काय होतं?

चंपाषष्ठी! चंपाषष्ठीला खंडोबाच्या दारात पिवळं काय नसतं?

उजाडलं. ढोल लागले. "येळकोट येळकोट जय मल्हार!" भंडाऱ्याची पहिली मूठ उडाली आणि मग थांबेचना! पायऱ्या पिवळ्या, माणसं पिवळी, पोपटशेटचं टक्कल पिवळं, बारटक्क्यांची खाकी टोपी पिवळी! हळद्याला ढोलाची भीती. तो टोपलीखाली, त्याच्यावर गयाबाईनं पोतं टाकलेलं. ती बसली होती. जागा खाली करायला सांगितलं होतं ना? बसली होती! उठवायला दोन शिपाई आले, तर म्हणाली, "देवाचा भंडारा विकून होऊ द्या, मग फळकुटासकट मला उचला." शिपाईसुद्धा खंडोबाचेच भक्त. एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. "पालखी होऊ दे," म्हणाले, आणि तिच्याकडूनच नारळ घेतला!

आणि अण्णासाहेब आले. पांढराशुभ्र झब्बा, शेजारी समितीचे पाहुणे, पुढे फोटोवाला, मागे टायसन. टायसन कशाला? अहो, चंपाषष्ठीला देवाच्या कुत्र्याला नैवेद्य देतात! रीत आहे. आता देवाचा कुत्रा म्हणजे दारातला कुठलाही. पण अण्णासाहेबांना वाटलं, फोटोत विलायती शोभून दिसेल. पट्टासुद्धा सोडला, फोटोत पट्टा वाईट दिसतो!

पान मांडलं. वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा. टायसननं जन्मात असं खाल्लं नव्हतं. पान चाटून पुसून साफ! लोकांनी जल्लोष केला, भंडारा उधळला, अण्णासाहेब पिवळे, पाहुणे पिवळे, आणि टायसन? नखशिखांत पिवळा!

आता मंडळी, डब्यातलं खाणारं पोट! त्यात भरीत आणि रोडगा! पोटात भंडाराच उधळला गेला म्हणा ना. टायसन कासावीस झाला. गोल फिरला. आणि मग, शहाणं जनावर, आपल्या रोजच्या पायरीवर गेला.

समितीसमोर! फोटोवाल्यासमोर! देवासमोर!

गाडीची माणसं कोपऱ्यात टपलेलीच. पायरीवर कुत्रा, रंग पिवळा, काम चालू! "हाच रे तो!" धावले, आणि टाकलं जाळं! टायसन जाळ्यात! ओरडतोय, गुरगुरतोय, माणसं त्याला गाडीकडे ओढतायत —

आणि अण्णासाहेब धावले. पाहुण्यांना ढकललं, फोटोवाल्याला ढकललं, भंडाऱ्यात पाय घसरला, उठले, आणि सगळा जीव गोळा करून ओरडले —

"सोडा! सोडा त्याला! अरे माझा आहे तो! माझा आहे!"

ढोल थांबले. जाळं सुटलं.

मंडळी, आदल्या दुपारी त्याच जागी एक बाई हेच दोन शब्द बोलली होती. दुकान जात असताना बोलली होती. अण्णासाहेबही खोटं नाही बोलले हो! त्यांचाही जीव होता त्या कुत्र्यावर, डोळ्यांत पाणी होतं. जाळं पडलं तेव्हा त्यांच्या तोंडून खरं निघालं. पण काल, परवा, रोज सकाळी, तेव्हा तो कुणाचा होता?

गयाबाई उठली. राखेची डबी घेतली, खापर घेतलं, गर्दीतून वाट काढत अण्णासाहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"आण्णासाहेब, तुमचा हाय न्हवं? मग घ्या. राख माझ्याकडची."

अण्णासाहेबांनी खापराकडे पाहिलं. मग मान वळवली. "बारटक्के! उचला ते."

बारटक्के पुढे आले. दोन पावलं. थांबले. काय झालं कुणास ठाऊक, टोपीवरचा भंडारा डोक्यात उतरला म्हणा! हळूच बोलले, "साहेब... ठरावात 'मालकानं' असं आहे. सही आपलीच आहे."

तेवढ्यात वरून आवाज आला, "पालखी निघाली! वाट सोडा!" देवाची पालखी पायऱ्या उतरायला लागलेली! आणि वाटेत, मधल्या पायरीवर, ते!

पुजारी ओरडला, "अरे, कुणीतरी उचला रे! देव खोळंबलाय!"

पोपटशेट वर्तमानपत्राचा कागद घेऊन धावले. गाळ्याचा करार हो, संधी चांगली होती!

"शेट, हात मागं!" गयाबाईचा आवाज असा चढला की ढोलवाल्याच्या हातातली टिपरी पडली. "कुणी हात लावायचा न्हाई! ज्याचं त्यानं उचलायचं."

"बाई, देव थांबलाय!" पुजारी म्हणाला.

"थांबू द्या! रोज त्याच्या पायरीवर पडतंय, त्यो रोज गप थांबलाच हाय. आज आणिक थोडा थांबंल!"

देव थांबेल! मंडळी, शास्त्र शिकलेल्या माणसाची छाती नव्हती हे बोलायची! मी ताबडतोब पालखीवाल्यांकडे पाहिलं असतं, हे काय करतात? चार भोई. दणकट गडी. त्यांनाही रोज दिसत होतं, तेही रोज गप्प होते. त्यांनी खांदा बदलला. पालखी पुन्हा नीट तोलली. पण पाऊल? पाऊल उचललं नाही!

पोपटशेट कागद हातात घेऊन उभे होते. त्यांनी कागदाची घडी घातली. एकदा, दोनदा. खिशात ठेवली. आणि अण्णासाहेबांकडे न बघता मोठ्यानं म्हणाले, "गयाबाई खरं बोलते. रोज मी बघतोय. रोज टायसनच असतो." कुलूप उघडलं! हारवाला म्हणाला, "मीही बघतो." कुणी मागून म्हणालं, "आम्हीपण." पिवळी गर्दी, सगळी तोंडं सारखी, कोण बोलतंय तेही कळेना. पण कुणी हललं नाही.

अण्णासाहेब त्या गर्दीकडे बघत राहिले. मग झब्ब्याच्या बाह्या वर केल्या. खापर घेतलं. वाकले. राख कशी टाकायची तेसुद्धा गयाबाईला दाखवावं लागलं. "आसं न्हाई, कडंनं टाका... हां, आता खापर खालनं घाला." आणि चोखटनगरचे नगराध्यक्ष खापर हातात धरून उकिरड्याकडे निघाले. मागे टायसन, शेपटी खाली घालून! बारटक्क्यांनी पावतीपुस्तक काढलं आणि खाली मान घालून एक पावती लिहिली. नाव या खेपेला बरोबर होतं.

"येळकोट येळकोट जय मल्हार!" पालखी उतरली.

तुम्ही विचाराल, बुवा, मग बक्षीस मिळालं का? नाही हो! कसलं बक्षीस! आणि गयाबाईची नोटीस? तीही रद्द झाली नाही! कचेरीत प्रकरण अजून चालू आहे. बोलावणं आलं की ती जाते, सांगते, "माझ्या कुत्र्याचं न्हवतं, भरणार न्हाई," आणि परत येऊन टोपलीपाशी बसते. नोटिशीवर नारळ, टोपलीखाली हळद्या. उठवायला अजून कुणी आलेलं नाही, आणि आलं तर पोपटशेट दुकानाच्या पायरीवर उभे राहतात. नुसते उभे राहतात. पुरतं तेवढं!

आता मूळ प्रश्न. घाण कुणाची? केली त्याची? दिसली त्याची? सापडला त्याची? मंडळी, जो ताठ मानेनं "माझी" म्हणतो, ती त्याच्यापुरती तिथेच संपते. बाकी सगळी उरते, आणि उरलेली ती आपल्या सगळ्यांची! टायसननं एका सकाळी पायरी घाण केली असेल. ती रोज घाण ठेवली ती बघणाऱ्यांनी!

पटलं? माना डोलल्या. छान! माना डोलवायला काही लागत नाही!

कारण आता आरती होईल, द्रोणातून प्रसाद मिळेल, आणि हा मांडव अर्ध्या घटकेत कसा दिसेल ते मला ठाऊक आहे. द्रोण सतरंजीखाली, पुड्या गवतात, आणि उद्या सकाळी झाडायला येणारी बाई तुम्हा सगळ्यांची आई होऊन उचलेल!

नाही. आज नाही! पेटीवाले, हात उचला. तबलजी, थांबा. ते तबक खाली ठेवा हो गुरुजी, कापूर विझू द्या, दुसरा लावू. त्या गावात देव थांबला होता, इथंही थांबेल. मी कफनीसकट इथंच उभा आहे. मला गाडी चुकली तरी चालेल.

सतरंजीखाली एक कप आहे. कप कुणाचा?

...

बघा, सगळे सतरंजीची नक्षी बघायला लागले! पोपटशेट, पोपटशेट! अहो, शेजारचे तर काकांकडे बघतसुद्धा नाहीत. मी थांबलोय. कप कुणाचा?

...

काय? ऐकू नाही आलं. मफलर तोंडावरून काढा काका! मागच्या आयांना ऐकू गेलं पाहिजे.

हां! "माझा!"

उचला. खिशात घाला. आणि जाताना शेजाऱ्यालाही त्याचा कप दाखवा!

गुरुजी, कापूर लावा. तबलजी — आता वाजवा!